आल्याच्या पाकाचा दाखला

माणसाच्या प्रगतीचा इतिहास म्हणजे जी वस्तू कोपऱ्यावर मिळते ती घरी करण्याचा, आणि जी घरी होते ती दुरून मागवण्याचा इतिहास होय. या नियमाला अपवाद आढळलेले नाहीत. (शोधलेही नाहीत.) नमुनेसाहेबांच्या बाबतीत जे घडलं ते याच नियमाला धरून घडलं, त्यामुळे त्यात कुणाला दोष देण्याचं कारण नाही. तरीही ते कसं घडलं हे सांगायला हवं, कारण दोष द्यायचा नसला की माणूस जास्त लक्ष देऊन ऐकतो.

नमुनेसाहेब पाणीपुरवठा खात्यात होते. शहरभरच्या नळांचं पाणी बाटलीत घ्यायचं, प्रयोगशाळेत तपासायचं आणि 'रंग नाही, वास नाही, चव नाही' असा दाखला सही करून द्यायचा, हे काम त्यांनी बत्तीस वर्षं केलं. पाण्याचे नमुने गोळा करतात म्हणून खात्यात त्यांना नमुनेसाहेब म्हणत. या नावाला दुसराही एक अर्थ आहे, हे त्यांना निवृत्तीच्या समारंभात एका भाषणामुळे कळलं. तोवर सगळ्यांनी सांभाळून घेतलं होतं.

पण माणूस सचोटीचा. एकदा खात्याच्या सर्वांत मोठ्या साहेबांच्या घरच्या नळाला वास येतो, असं त्यांनी लिहून दिलं. अहवाल बदला, असा निरोप आला. बदलला नाही, म्हणून त्यांचीच बदली झाली, गावाबाहेरच्या टाकीवर. टाकीवर खुर्ची नव्हती. चार वर्षं त्यांनी उभ्याने काढली. ते स्वतः याविषयी कधी बोलत नसत. त्यांची बायको मात्र ती चार वर्षं पाहुण्यांना, न विचारता, चहाबरोबर देत असे.

निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना घरगुती सोड्याचं यंत्र भेट दिलं. यंत्र साधं होतं. बाटलीत गार पाणी भरायचं, बाटली यंत्राच्या तोंडाला फिरवून घट्ट बसवायची, वरचं बटण तीनदा दाबायचं. यंत्र रेड्यासारखं फुरफुरतं आणि सोडा तयार होतो. नमुनेसाहेबांनी पहिला पेला जिभेवर घोळवून, शास्त्रशुद्ध पद्धतीने प्यायला. बायकोने विचारलं कसं आहे. ते म्हणाले, पाणीच आहे, पण चिडलेलं.

बायकोने त्या चिडलेल्या पाण्यात अर्धं लिंबू पिळलं, साखर घातली, चिमूटभर मीठ घातलं आणि ढवळून दिलं. उत्तम लागलं. विषय तिथेच मिटायचा. पण यंत्राबरोबरच्या माहितीपुस्तिकेत, सातव्या पानावर, एक वाक्य होतं : 'आता आपल्या आवडीचा स्वाद मिसळा.' चव नाही याची खात्री करण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला त्याच्या आवडीचा स्वाद कोणता, असं आजवर कुणीच विचारलं नव्हतं. ते वाक्य त्यांना कारणे दाखवा नोटिशीसारखं लागलं. उत्तर देणं भाग होतं.

वास्तविक उत्तर त्यांच्या पायांना ठाऊक होतं. इमारतीच्या कोपऱ्यावर, चपला शिवणाऱ्याच्या आणि औषधवाल्याच्या मधोमध, सरबतवाल्या काकांचं दुकान होतं. संगमरवरी फळी, तिच्यामागे चार बुधले : लिंबू, संत्रं, काळी द्राक्षं आणि आलं. आल्याच्या बुधल्याची तोटी झिजून गुळगुळीत झाली होती, बाकीच्या तीन अजून नव्यासारख्या होत्या. नमुनेसाहेब वीस वर्षं रोज संध्याकाळी कामावरून येताना तिथे थांबत आणि आल्याच्या पाकाचा एक पेला सोडा पीत. बोलणं फार होत नसे. काका विचारत, "आज पाणी कसं?" ते म्हणत, "ठीक." मग दोघेही रस्त्याकडे बघत.

पण घरात यंत्र असताना बाहेर सोडा पिणं हे घरात विहीर असताना शेजाऱ्याकडे घागर घेऊन जाण्यासारखं दिसतं. म्हणून नमुनेसाहेब पलीकडच्या फुटपाथवरून जाऊ लागले. पहिल्या आठवड्यात त्यांना पलीकडून दिसलं, की काकांनी ठरलेल्या वेळी पेला विसळून फळीवर पालथा घालून ठेवला आहे. त्यांनी चालण्याचा वेग वाढवला. दुसऱ्या आठवड्यापासून ते मागच्या गल्लीने जाऊ लागले. (मागच्या गल्लीने अंतर दुप्पट पडतं. निवृत्तांनी चालावं, असं डॉक्टर सांगतातच.)

शोधाची सुरुवात मोठ्या दुकानातून झाली. तिथे स्वादांसाठी एक पूर्ण भिंत राखून ठेवली होती. नमुनेसाहेबांनी चष्मा पुसला आणि भिंतीवरच्या बाटल्यांची लेबलं डावीकडून उजवीकडे वाचली. त्यात चार तास गेले. निष्कर्ष असा निघाला की संत्र्याच्या पाकाचा संत्र्याशी असलेला संबंध चित्रापुरता आहे. स्ट्रॉबेरीचा तितकाही नाही, कारण चित्र चेरीचं होतं. आणि ज्या बाटलीवर 'शंभर टक्के' असं मोठ्या अक्षरांत छापलं होतं, तिच्यावर कशाचे शंभर टक्के ते कुठेच छापलेलं नव्हतं. दुकानातल्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली सगळेच छान आहेत, तुम्ही निळा घ्या. निळा कशाचा, असं विचारल्यावर ती त्यांच्याकडे जरा दयेने पाहत म्हणाली की निळा निळ्याचाच असतो.

त्यांनी निळा घेतला. घरी येऊन पुस्तिका पुढे न वाचता तो आधी पाण्यात मिसळला आणि मग बटण दाबलं. सोडा नेहमी नुसत्या पाण्याचा करायचा आणि पाक मागाहून घालायचा, हे पुस्तिकेच्या आठव्या पानावर होतं. त्यांचं वाचन सातव्यावर थांबलं होतं. स्वयंपाकघराचं छत तीन हात रुंदीपर्यंत निळं झालं. बायको शिडीवर चढून ते पुसत असताना नमुनेसाहेबांनी खालून एवढंच विचारलं, की चव कशी आहे.

यंत्राच्या स्फोटाच्या आवाजाने वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर खाली आले. त्यांच्याकडेही यंत्र होतं. डॉक्टर दिवसभर लोकांना साखर सोडायला सांगत आणि संध्याकाळी साखरेचा पाक करत. यातल्या पहिल्या कामामुळे त्यांना मान मिळे आणि दुसऱ्यामुळे पहिलं काम. त्यांनी छताकडे पाहिलं आणि अत्यंत सहानुभूतीने सांगितलं की बाजारू स्वादांच्या नादी लागू नका. ते स्वतः काकडी आणि मिऱ्याचा पाक करत. तो प्यायल्यावर आजारी माणसाला बरं झाल्यासारखं वाटे आणि बऱ्या माणसाला उलट.

इमारतीत बावीस घरं होती. सहा महिन्यांत त्यांपैकी एकोणीस घरांत यंत्र आलं. उरलेल्यांपैकी दोन घरं रिकामी होती आणि एकात राहणारे गृहस्थ पाणी पीत. (त्यांच्याशी बोलणं कुणी बंद केलं नाही. कमी केलं.) मग डॉक्टरांच्या अध्यक्षतेखाली स्वाद समिती स्थापन झाली. नमुने गोळा करण्याचा आणि गुणपत्रकं ठेवण्याचा अनुभव असलेला इमारतीतला एकमेव माणूस म्हणून नमुनेसाहेबांना चिटणीस नेमण्यात आलं. त्यांनी त्याच संध्याकाळी शाई आणली.

समितीचं काम पाहण्यासारखं होतं. दर रविवारी सकाळी सगळे आपापला पाक घेऊन डॉक्टरांकडे जमत. परदेशातून मागवलेल्या एका फुलाचा पाक होता. ते फूल इथे उगवत नाही आणि जिथे उगवतं तिथे त्याला शेळीखेरीज कुणी तोंड लावत नाही. जळक्या लाकडाच्या चवीचा पाक होता. पावाच्या कडेच्या चवीचा होता. एका बाईंनी 'जुन्या पुस्तकां'च्या स्वादाचा पाक केला, आणि तो पिताना त्यांच्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर जे भाव होते ते खरोखरच जुनं पुस्तक चघळणाऱ्याचे होते. गुणपत्रकात आठ रकाने होते. पहिल्याच बैठकीत ठराव झाला की 'गोड', 'आंबट' आणि 'छान' हे शब्द कुणी वापरायचे नाहीत. त्यामुळे ज्याला पाक आवडे तो म्हणे की हा घशात जाऊन विचार करतो. ज्याला आवडत नसे तोही तेच म्हणे. सभासदांच्या घरी आता साधं लिंबू कुणी पिळत नसे. पिळलंच, तर दार लावून.

नमुनेसाहेब सगळं टिपून घेत. खरं सांगायचं तर त्यांना यांतला एकही पाक आवडला नव्हता, पण रविवारची ते आठवडाभर वाट पाहत. निवृत्तीनंतरच्या सहा महिन्यांत त्यांची सही फक्त कुरियरवाल्याने मागितली होती, तीही बोटाने, काचेवर. इथे गुणपत्रकाच्या तळाशी 'चिटणीस' असं छापलेलं होतं आणि त्याच्यावर रेघ होती.

त्यांच्या बायकोला हे दिसत होतं. ती रोजची भाजी आणायला जायची ती काकांच्या दुकानावरून. बाकी कुणी थांबत नसल्यामुळे ती थांबायची. काकांनी तिला एकदाही विचारलं नाही की साहेब कुठे असतात. हे त्यांनी न विचारणं तिला फार लागलं.

एका रविवारी चौदा नंबरच्या नमुन्याला दहापैकी नऊ पूर्णांक सहा गुण पडले. एवढे गुण समितीच्या इतिहासात कुणाला मिळाले नव्हते. (इतिहास अकरा आठवड्यांचा होता.) डॉक्टर डोळे मिटून म्हणाले की ही चव डोंगराळ भागातली आहे, आत कुठेतरी माती आहे, आणि शेवटी एक ठिणगी. जुन्या पुस्तकांच्या बाईंचे डोळे भरून आले. नमुनेसाहेब मात्र पेला उजेडाकडे धरून पाहत होते. पेल्याच्या तळाशी पांढरट गाळाची अगदी बारीक चकती बसली होती. आलं कुटून केलेल्या पाकातच ती बसते. बत्तीस वर्षं गाळ पाहिलेल्या माणसाला ती चुकणं शक्य नव्हतं, आणि जिभेला तर पहिल्या घोटालाच कळलं होतं.

हा नमुना कुणाचा, असं अध्यक्षांनी विचारलं. नमुनेसाहेबांची बायको म्हणाली, "कोपऱ्यावरचा."

मग कुणीतरी विचारलं, कुठल्या कोपऱ्यावरचा. तेव्हा तिने खिडकीतून बोट दाखवलं, आणि एकोणीस घरांतली माणसं खिडकीशी गर्दी करून, ज्या दुकानावरून ती सगळी रोज जात होती ते दुकान पाहू लागली.

समितीने पारितोषिक रोखून ठेवलं, कारण पाक घरचा नव्हता. मात्र अधिक माहितीसाठी अध्यक्ष आणि चिटणीस यांनी दुकानाला भेट द्यावी, असं ठरलं. ताकाला जाऊन भांडं कसं लपवावं याचा उत्तम वस्तुपाठ डॉक्टरांनी त्या भेटीत दिला. आधी त्यांनी काकांच्या दातांची चौकशी केली. मग हवेची. मग आल्याच्या पिकाची. नमुनेसाहेब त्यांच्या मागे, चपला शिवणाऱ्याच्या बाजूला तोंड करून उभे होते. काकांनी न विचारता दोन पेले भरले आणि एक नमुनेसाहेबांपुढे सरकवला. जणू मधले नऊ महिने झालेच नव्हते.

"आज पाणी कसं?" काकांनी विचारलं.

नमुनेसाहेब रस्त्याकडे बघू लागले. शेवटी डॉक्टरांनीच विषयाला हात घातला आणि या पाकाचं गुपित काय, म्हणून विचारलं.

"गुपित कसलं आलंय," काका म्हणाले. "जून आलं घ्यायचं, कुटायचं, रस काढून ठेवायचा. पांढरं खाली बसलं की वरचं अलगद घ्यायचं, तरी थोडं पांढरं येतंच. साखरेत आटवायचं, उतरवल्यावर लिंबू, तीनदा फडक्यातून गाळायचं. मग तीन दिवस हात लावायचा नाही. हे तीन दिवस कुणाला जमत नाहीत, म्हणून तर माझं दुकान चाललं."

डॉक्टरांनी सगळं उतरवून घेतलं. कृती सुंदर अक्षरांत छापून, प्लॅस्टिकचं आवरण घालून एकोणीस घरांत वाटण्यात आली. अठरा घरांनी ती यंत्राशेजारी भिंतीवर लावली. एका घराने आलं आणलं. ते अजून टोपलीत आहे आणि त्याला कोंब फुटलेत.

काकांचं दुकान त्यानंतर दोन महिन्यांनी बंद झालं. त्याला समिती जबाबदार नव्हती. समितीने तसा ठरावच केला. दुकान बंद व्हायच्या दिवशी सगळी इमारत खाली उतरली. लोक फळीबरोबर उभे राहून स्वतःचे फोटो काढून घेत होते, आणि जुन्या पुस्तकांच्या बाई प्रत्येकाला सांगत होत्या की अशी दुकानं आता राहिली नाहीत. काकांनी त्या दिवशी नेहमीपेक्षा चार पेले जास्त विकले. बाकीचे म्हणाले, नको, घरी यंत्र आहे.

त्या जागेत डॉक्टरांनी नवं दुकान काढलं. तिथे यंत्रांच्या गॅसच्या नळकांड्या मिळत, आणि एक पाक मिळे : 'काकांचं आलं'. लेबलावर फळीमागे उभ्या असलेल्या एका प्रेमळ म्हाताऱ्याचं चित्र होतं आणि खाली 'लुप्त झालेल्या परंपरेतून' असं लिहिलेलं होतं. परंपरा तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे, आपल्या लेकीच्या घरी राहत होती आणि तिची तब्येत ठणठणीत होती.

लेबल छापायला जाण्याआधी डॉक्टर एक कागद घेऊन नमुनेसाहेबांकडे आले. कागदावर छापलं होतं : 'हा पाक अस्सल आल्याचा असून जुन्या पद्धतीने बनवलेला आहे. तपासणी करणार : चवतज्ज्ञ.' त्याच्यापुढे रेघ होती. बरोबर बाटलीही होती. नमुनेसाहेबांनी पेला तीनदा विसळला, पाक घातला, सोडा ओतला, आणि खिडकीच्या उजेडात धरून दहा मिनिटं थांबले. तळाशी काही बसलं नाही. साखर होती, रंग होता, आणि आल्याची आठवण येईल असं काहीतरी होतं, जे बहुधा आलं ऐकून माहीत असलेल्या माणसाने तयार केलं होतं.

त्यांनी पेन काढलं. 'अस्सल' हा शब्द खोडायचा असं त्यांनी ठरवलं होतं, असं त्यांनी नंतर बायकोला सांगितलं, आणि ते खोटं नसावं. पेनाचं टोक त्या शब्दावर टेकलंही होतं. डॉक्टर नम्रपणे म्हणाले, "घाई नाही, पण छपाईवाला खाली थांबलाय. आणि साहेब, या शहरात ही सही दुसरं कोण करू शकणार?"

वरून दाब आला तेव्हा हा माणूस चार वर्षं उभा राहिला होता. यावेळी त्याला कुणी दाबलं नाही. बसायला खुर्ची दिली आणि चवतज्ज्ञ म्हटलं. नमुनेसाहेबांनी सही केली. सही पूर्वीसारखीच होती, ठसठशीत, शेवटच्या अक्षराखाली दोन ठिपके.

बाटल्या बाजारात आल्यावर आठवड्याभरात काका घरी आले. हातात बाटली होती. नमुनेसाहेबांनी त्यांना बसायला सांगितलं, पण काका दारातच उभे राहिले. तक्रार करायला आलो नाही, म्हणाले. चित्रात मला मिशी काढली आहे, ती मला कधीच नव्हती, एवढंच सांगायला आलो. मग लेबलाच्या मागच्या बाजूला बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ही सही तुमचीच ना?"

"हो," नमुनेसाहेब म्हणाले.

"मग ठीक. मला वाटलं, तीही मिशीसारखीच."

काका गेले. बाटली त्यांनी चपलांच्या फळीवर ठेवली होती. बायकोने ती उचलून आत आणली, पण फ्रिजमध्ये ठेवली नाही आणि ओतूनही टाकली नाही. ती बराच वेळ लेबल वाचत होती. मग म्हणाली, "अहो, बत्तीस वर्षं चव नाही, चव नाही असं लिहीत होतात. ते निदान खरं तरी होतं."

टाकीवरच्या चार वर्षांची गोष्ट त्या दिवसापासून पाहुण्यांना मिळेनाशी झाली. चहा मिळतो.

'काकांचं आलं' उत्तम चाललं आहे. डॉक्टरांनी आता 'आजींचं लिंबू' काढलं आहे. (आजी कोण, याचा शोध सुरू आहे.) नमुनेसाहेब त्याच्याही लेबलावर आहेत, आणि परवा एका समारंभात त्यांचा सत्कार झाला. काका लेकीच्या घरी अजून आलं कुटतात. तीन दिवस आधी सांगितलं आणि घरून बरणी नेली, तर भरून देतात. आतापर्यंत एकच बरणी नियमित येते, आणि ती नमुनेसाहेबांच्या स्वयंपाकघरातली आहे, हे नमुनेसाहेबांना ठाऊक आहे. विचारायचं धाडस त्यांनी केलेलं नाही.

ही हकिगत प्रसिद्ध करण्याआधी सतरा सुजाण वाचकांना वाचायला दिली होती. सगळ्यांनी डॉक्टरांचा निषेध केला, नमुनेसाहेबांविषयी हळहळ व्यक्त केली आणि काकांसाठी दोघांनी डोळे पुसले. काकांचा पत्ता कुणी विचारेल म्हणून तो एका चिठ्ठीवर लिहून तयार ठेवला होता. सोळा जणांनी ती बाटली कुठे मिळते, असं विचारलं. सतरावे वाचक जरा विचारी होते. त्यांनी विचारलं, घरपोच येते का.